वेशीतून आधी कोणाची जोडी?

पोळ्याच्या दिवशी उन्हे कलली म्हणजे गावातले सारे बैल शिंगांना हिंगूळ चोपडून, अंगावर झुली घालून आणि गळ्यात घुंगुरमाळा बांधून वेशीबाहेर येऊन उभे राहतात. वेशीला आंब्याच्या पानांचे तोरण लागलेले असते, वाजंत्री वाजत असतात, पोरांचा गलका चाललेला असतो, आणि तरीही बराच वेळ एकही जोडी पुढे सरकत नाही, कारण मानाची जोडी अद्याप यावयाची असते. ती आली, तोरणाखालून गेली, की मग बाकीच्यांना वाट मोकळी. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना हा देखावा वर्णन करून सांगावयास नको. परंतु या घटकाभराच्या खोळंब्यासाठी, म्हणजे वेशीतून आधी कोणाची जोडी जावी एवढ्या प्रश्नासाठी, आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडणे केली, डोकी फोडून घेतली, मामलेदारापासून थेट हुजुरापर्यंत फिर्यादी नेल्या, हे मात्र आपण विसरलो आहोत; आणि कोणी जुन्या दप्तरातला एखादा कागद काढून अशी हकीकत वाचून दाखविली, तर आपण मोठ्या शहाणपणाने हसतो. पाटिलकीचे दोन तक्षीमदार, म्हणजे वाटेकरी, होळीच्या पोळीवरून हातघाईवर आले, विडा आधी कोणाला द्यावा याचा निर्णय होईना म्हणून लग्नाचा मुहूर्त टळू लागला, दसऱ्याच्या शमीपूजनात कोणी पुढे व्हावे यावर अवघे गाव दुफळी होऊन बसले, असल्या गोष्टींनी ते कागद भरलेले आहेत. हसू येणे स्वाभाविक आहे. पण त्या हसण्यात इतिहासाविषयीची एक मोठी गैरसमजूत दडलेली आहे, आणि ती उघड करून दाखवावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, रणांगणे येतात, तहाच्या वाटाघाटी आणि सिंहासनारोहणे येतात. आणि सामान्य माणसाचे रोजचे जिणे हे या सर्व घडामोडींच्या खाली कोठेतरी, नदीच्या तळाशी वाळू पडून राहावी तसे, निश्चल पडून होते अशी आपली कल्पना असते. सत्ता वर आणि संसार खाली, अशी ही सोयीची मांडणी आहे. माझे म्हणणे असे की, निदान महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर, ही मांडणी उलटी आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांतील मराठी मुलखात सत्तेचा खरा मुक्काम तख्तापेक्षा वेशीत, खळ्यात, चावडीवर आणि पंक्तीत अधिक होता, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली होती की तिला कोणी सत्ता असे म्हणतच नसे. तिचे नाव रीत.

गावाचे रूप आधी थोडे डोळ्यांपुढे आणले पाहिजे. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी, असे गावाचे दोन भाग. आणि पांढरीत कोणी कोठे राहावे व काळीतून कोणाला किती मिळावे, हे परंपरेने ठरलेले. गावाच्या मुखत्यारीला पाटील, त्याच्या हाताखाली चौगुला, लेखणीला कुलकर्णी. परगण्यावर देशमुख आणि देशपांडे. पेठेत शेटे आणि महाजन. जमीन कसणारांतही सारे एका पायरीवर नव्हते. मिरासदार, ज्याला कित्येक ठिकाणी थळकरी म्हणत, तो वंशपरंपरेचा धनी. त्याची जमीन दुष्काळात पडीक राहिली आणि तो परागंदा झाला तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. उपरी मात्र बाहेरून आलेला, वर्ष-दोन वर्षांच्या कौलावर जमीन करणारा. त्याने गावात हयात काढली तरी गावकीत त्याच्या शब्दाला वजन येत नसे. आणि या सर्वांच्या गरजा भागविणारे बलुतेदार : सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, मुलाणी, कोळी, मांग आणि महार. ही यादी गावोगाव थोडी बदलते, पण बाराची संख्या म्हणून सर्वांच्या तोंडी राहिली. सुताराने नांगर दुरुस्त केला तर त्याचे पैसे त्या वेळी कोणी मोजीत नसे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर रास पडली की सुतार येई आणि आपले बलुते घेऊन जाई. हे बलुतेही सर्वांना सारखे नव्हते. थोरली ओळ, मधली ओळ आणि धाकटी ओळ अशा तीन ओळी असत आणि जो ज्या ओळीत असे त्या मानाने त्याच्या पदरात पेंढ्या आणि दाणे पडत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांवगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे जे बारकाईचे वर्णन केले आहे त्याला आजही मराठीत जोड नाही. आत्रे मुलकी खात्यातले, गावोगाव फिरलेले, आणि त्यांचा कल कष्टकरी कुणब्याकडे असल्यामुळे या गाड्याचे ओझे शेवटी कोणाच्या खांद्यावर पडते हे त्यांनी भीड न ठेवता सांगितले आहे.

आता वतनाकडे येऊ. वतन हा शब्द अरबी, मिरास हाही अरबी. आणि हे दोन्ही शब्द मराठी माणसाच्या काळजात इतके खोल रुतले की ते परके आहेत असे कोणाच्या ध्यानातही येत नाही. वतन म्हणजे इनाम जमीन, वतन म्हणजे धान्यातला हक्क, एवढे आपण समजतो. परंतु कोणत्याही पाटिलकीच्या वाटणीचा कागद काढून पाहा. त्यात जमिनीचे चार शब्द असतात आणि मानपानाची मात्र लांबलचक याद असते. पोळ्याला बैल पुढे कोणाचे, होळीला पहिली पोळी कोणाची, गावात लग्न निघाले तर टिळा आणि विडा आधी कोणाला, सरकारातून वस्त्रे आली तर ती वडील तक्षिमेला की दोघांना, कागदावर निशाणी वर कोणी करावयाची आणि खाली कोणी, गावात येणाऱ्या तेल्याकडून तेल, तांबोळ्याकडून पाने आणि चांभाराकडून जोडा कोणी किती घ्यावा. कर्जापायी किंवा दुष्काळाच्या फेऱ्यात पाटलाने निम्मी पाटिलकी विकली तर हा सारा मानपानही निम्मा विकला जाई, आणि खरेदीखतात त्याची बाबवार नोंद होई. मान ही वस्तू वाटून घेता येते, गहाण टाकता येते आणि विकत घेता येते, ही गोष्ट आज आपल्याला चमत्कारिक वाटते. त्या काळी ती अगदी व्यवहाराची होती.

आणि तिच्यामागे एक कठोर तर्क होता, जो आपण हसण्याच्या नादात नजरेआड करतो. ज्या समाजात बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, ज्यात स्वारी आली की घर जळते आणि घराबरोबर पेटीतला कागदही जळतो, ज्यात मुलूख आज निजामशाहीत, उद्या आदिलशाहीत, परवा मोगलांकडे आणि तेरवा स्वराज्यात असा हातोहात फिरतो, त्या समाजात हक्काचा पुरावा राहावा कोठे? तो लोकांच्या डोळ्यांत राहतो. दर वर्षी, ठराविक दिवशी, साऱ्या गावाच्या देखत ज्याची जोडी तोरणाखालून आधी जाते, तो पाटील. आणि तो पाटील आहे हे पाहिलेली शे-दोनशे माणसे म्हणजेच त्याचे चालते-बोलते दप्तर. म्हणून कज्जा उभा राहिला म्हणजे साक्षीदाराला जमिनीच्या चतुःसीमेइतकेच आग्रहाने विचारले जाई की, पोळी कोणाची लागत आली, शिरपाव कोणी घेतला, भोगवटा कोणाचा. एक वर्ष जर भाऊबंदाची जोडी पुढे गेली आणि तुम्ही गप्प राहिलात, दुसऱ्या वर्षीही गप्प राहिलात, तर नातवाच्या पिढीत तुमची पाटिलकी गेली असे समजा. तेव्हा पोळ्याची मारामारी हा निव्वळ पोकळ अभिमानाचा तमाशा नव्हता. ती मालकी हक्काची वार्षिक नोंदणी होती, आणि नोंदणीच्या कचेरीत आपल्या नावापुढे दुसऱ्याचे नाव लिहिले जात असताना आजचा मनुष्यही शांत बसत नाही.

तंटा हातघाईवर आला की गोत बसे. गोतसभा म्हणजे त्या परगण्यातील देशमुख-देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार. त्यांच्याबरोबर दिवाणाचे, म्हणजे सरकारचे, अंमलदार. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर, म्हणजे कैफियत, देत, जामीन देत आणि गोत जो निर्णय करील तो मान्य आहे असा राजीनामा लिहून देत. हा शब्दही मोठा गमतीचा आहे : त्या काळी राजीनामा म्हणजे राजीपणाने कबूल केल्याचा लेख, आणि आज आपण त्याचा अर्थ नाराजीने सोडून जाणे असा करतो. निवाडा झाला की महजर होई. महजर हा शब्दही ‘हजर’ याच अरबी धातूचा. म्हणजे हजर असलेल्यांचा कागद. त्याच्या माथ्यावर हजर मजालसीतील एकेकाचे नाव, हुद्दा आणि गाव. आणि ज्यांना अक्षर येत नसे त्यांच्या नावापुढे त्यांच्या धंद्याची निशाणी. पाटील-कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. मोडी अक्षरांच्या रानात उमटलेली ही चित्रे पाहिली की मन क्षणभर हरखून जाते. हरणारा यजितखत लिहून देई, म्हणजे आपण खोटे ठरलो असे स्वतःच्या हाताने कबूल करी; जिंकणारा सरकारात हरकी भरी आणि हरणारा गुन्हेगारी भरी, आणि अशा रीतीने निकाल कोणाच्याही बाजूने लागो, सरकार कधी हरत नसे.

साक्षी-पुराव्याने जेथे उलगडा होईना तेथे दिव्य. रवा-दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढावयाचा. अग्निदिव्यात तापलेले लोखंड हातावर घेऊन ठराविक पावले चालावयाचे. आधी हात धुऊन, नखे काढून, हातावरच्या जुन्या खुणा टिपून ठेवीत. नंतर हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करीत, आणि मुदत सरली की सर्वांसमक्ष ती सोडून हात पाहत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जो प्रबंध प्रसिद्ध केला त्यात अशा प्रकरणांचा विपुल साधनसंग्रह आहे. हे वाचताना आपण त्यातील क्रौर्याने किंवा अंधश्रद्धेने अस्वस्थ होतो, आणि व्हावयासही पाहिजे; पण दिव्य हा पहिला उपाय नव्हता, तो अखेरचा होता, आणि पिशवी सोडली जाताना भोवती सारे गोत बसलेले असे, ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या निवाड्यानंतर दोन्ही पक्षांना त्याच गावात, त्याच विहिरीवर आणि त्याच पंक्तीत उरलेला जन्म काढावयाचा आहे, तो निवाडा नुसता खरा असून भागत नाही. तो सर्वांच्या देखत झालेला असावा लागतो.

मग राजा काय करीत होता? राजा या साऱ्या रचनेशी झगडत होता, आणि तिच्यावाचून त्याचे चालतही नव्हते. शिवाजी महाराजांनी देशमुख-पाटलांचे बुरुजबंद वाडे पाडविले, त्यांचे हक्क बांधून दिले आणि रयतेकडून परभारे वसूल करण्याची त्यांची सवय मोडली, असे सभासद आपल्या बखरीत सांगतो. महाराजांच्या राज्यकारभाराचा मर्मज्ञपणा मला नेहमी एका पत्रात अधिक दिसत आला आहे. १६७० नंतरच्या त्या दशकात चिपळुणाकडे छावणी केलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या त्या पत्रात, दाणावैरण बेगमीने वापरा, नाही तर रयतेच्या घरावर जाल, अशी ताकीद आहे. आणि रात्री दिवे तसेच जळते ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेतील व गवताच्या गंज्यांना आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीचाही त्यात इशारा आहे. राज्य वातीशी असते हे ज्याला कळले त्याला राज्य कळले. पुढे राजाराम महाराजांच्या काळी मोगलांशी जीवघेणा झगडा सुरू झाला आणि वतनाच्या आशेवरच माणसे टिकवून धरण्याची पाळी आली, तेव्हा वतनदारांना घातलेला हा लगाम सैल करावा लागला. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जे प्रकरण घातले आहे ते राजनीतीच्या कोणत्याही अभ्यासकाने वाचावे असे आहे. वतनदार म्हणजे राज्याचे वाटेकरीच, आपल्यापुरते लहान राजे. त्यांना असेल त्यावर समाधान नसते आणि परचक्र आले की ते आधी तिकडे संधान बांधतात, हे सांगून अमात्य असा सल्ला देतात की, त्यांना मोकळे सोडू नये आणि त्यांची वतने काढूही नयेत. प्रीती आणि धाक या दोहोंत त्यांना धरून ठेवावे. तख्ताशेजारी बसणाराच आपल्याला येथे सांगत आहे की, सत्तेचा एक मोठा वाटा तख्ताच्या बाहेर आहे.

येथवरचे वर्णन वाचून एखाद्याला वाटेल की, ही तर मोठी सुरेख व्यवस्था : सर्वांना आपापला वाटा, सर्वांची सभेत निशाणी, राजालाही मर्यादा. असे वाटणारे पुष्कळ होऊन गेले. पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेचा कमिशनर झालेल्या एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात इथल्या गावसंस्थेचे कौतुक केले. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफने हिंदुस्थानातील खेड्यांना लहान लहान लोकसत्ताक राज्यांची उपमा दिली. आणि पुढे आपल्याच राष्ट्राभिमानी लेखकांनी ती उपमा मोठ्या प्रेमाने उचलली, कारण परकीय सत्तेच्या ओझ्याखाली दबलेल्या मनाला असे काही हवेच होते. या उपमेशी माझा विरोध आहे, आणि तो विरोध भावनेचा नसून कागदांचाच आहे. ज्या रीतीने मान वाटला जात होता त्याच रीतीने अपमानही वाटला जात होता, आणि तोही तितकाच वंशपरंपरेचा, तितकाच साऱ्या गावाच्या देखत, दर सणावाराला नव्याने नोंदविलेला होता.

गावाच्या शिवेचा तंटा लागला म्हणजे शेवटचा शब्द महाराचा असे. शीव कोठून गेली, कोणत्या बाभळीपासून कोणत्या ओघळीपर्यंत, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायपिटीने त्याला ठाऊक; तो ती चालून दाखवी आणि दोन गावांचे पाटील त्याच्या मागे चालत. ज्याच्या पावलांनी गावाची सीमा ठरे त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर! वेसकर म्हणून रात्री वेस तो राखी, आणि पोळ्याच्या संध्याकाळी त्याच वेशीतून शिरताना त्याचे बैल, त्याला असलेच तर, सर्वांत शेवटी. सरकारी वसूल पोहोचविणे, वाटाड्या होणे, सांगावे नेणे, मेलेली ढोरे ओढणे, आलेल्या कामगाराच्या घोड्याला वैरण घालणे, ही सारी वेठ त्याच्याकडे. तिला रात्र नाही की दिवस नाही. बदल्यात थोडी हाडकी-हाडोळ्याची जमीन, बलुते, आणि बिदरच्या पादशहाने अमृतनाक नावाच्या महाराला दिले अशी परंपरा ज्यांच्याविषयी सांगते ते बावन्न हक्क. या परंपरेची ऐतिहासिकता काहीही असो, तिच्यातील एक गोष्ट मला फार बोलकी वाटते : ज्यांना सर्व बाजूंनी नाकारले गेले त्यांनाही आपली प्रतिष्ठा सिद्ध करण्यासाठी त्या काळी सनदेचीच आणि हक्कांच्या यादीचीच भाषा उपलब्ध होती.

ज्यांच्यापाशी अशी यादीही नव्हती त्यांच्याविषयी तर कागद एखाद-दुसऱ्या ओळीत बोलतात. कुणबिणी आणि बटकी खरेदी झाल्या, विकल्या गेल्या, सरकारी कोठीवर नेमल्या गेल्या, बदकर्माचा आरोप येऊन त्या दास्यात लोटल्या गेल्या. त्यांची नोंद जमाखर्चात आहे, महजराच्या माथ्यावर नाही. ज्या जातींत विधवेचा पाट लावण्याची चाल होती त्यांच्याकडून सरकार पाटदाम नावाची बाब घेई, म्हणजे एखाद्या बाईने दुःखातून उठून पुन्हा संसार मांडला तर त्याचाही सरकारात हिस्सा. हा कर कोणी जुलूम म्हणून बसविला असे वाटत नाही. तो बाबींच्या यादीत होता म्हणून होता, आणि जे यादीत असते त्याला सहसा कोणी कारण विचारीत नाही.

आणि अगदी सकाळच्या रामरामापर्यंत हे जाऊन पोहोचले होते. मुंबईतील सोनार ‘नमस्कार’ असा शब्द उच्चारून परस्परांना अभिवादन करतात, तो अधिकार ब्राह्मणांचा आहे, अशी तक्रार पेशव्यांच्या दरबाराकडून आली, आणि १७७९ साली कंपनी सरकारच्या मुंबईच्या कौन्सिलाने सोनारांना तसे म्हणण्याची बंदी करणारा ठराव केला. तो काळ ध्यानात घ्यावा : पुणे आणि मुंबई यांचे त्या वेळी उघड युद्ध जुंपलेले होते, वडगावचा करार त्याच वर्षीच्या जानेवारीतला. तोफा एकमेकांवर रोखलेल्या असताना ही दोन सरकारे एका बाबतीत मात्र एकमताने वागली. दोन हात जोडून तोंडातून कोणता शब्द काढावा, हे त्यांनी मिळून ठरविले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत संविधानाचा मसुदा मांडताना मेटकाफच्या त्या लोकसत्ताक खेड्याचा जो कडक समाचार घेतला, तो वाचून त्या वेळी अनेकांना धक्का बसला. वस्तुतः धक्का बसण्याचे कारण नव्हते. वीस वर्षे आधी, १९२८ मध्ये, १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनीच मुंबईच्या कायदेकौन्सिलात आणले होते, आणि महार वतनाच्या नावाखाली तुटपुंज्या मोबदल्यात चोवीस तासांची चाकरी कशी बांधून घेतली जाते हे कलमवार दाखविले होते. वतन हा शब्द ऐकला की पाटलाच्या नातवाचा ऊर भरून येतो. तोच शब्द महाराच्या नातवाला बेडीसारखा का वाजतो, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने गडांच्या सहली थोड्या कमी करून दप्तरखान्याकडे पाऊल वळवावे.

आणि येथे मला एक स्पष्ट तक्रार नोंदवावयाची आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी पायाला भिंगरी लावून गावोगावच्या माळ्यांवरून कागद गोळा केले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः छापली, त्यांतले कित्येक खंड वतनांच्या कज्ज्यांनी भरलेले आहेत. इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत संपादून दिले. फुकाझावा हिरोशी नावाचा एक जपानी पंडित मराठी शिकला, मोडी कागदांच्या आधाराने आपल्या बलुतेदारीचे आणि वेठबिगारीचे विवेचन करून गेला. आपण काय केले? आपण पोवाडे गायिले, चित्रपट काढले, जयंत्यांच्या मिरवणुकांना गर्दी केली, आणि मोडी वाचणारे मात्र वर्षागणिक कमी होऊ दिले. शाळेतील मुलाला पानिपतावर किती सैन्य होते हे पाठ करावे लागते, पण त्याच्या स्वतःच्या गावचा एखादा महजर, त्यावरचा नांगर आणि मोगरी, त्याला कोणी दाखवीत नाही. मला असे वाटते की, जिल्ह्या-जिल्ह्यांतील शाळांना त्यांच्याच परगण्यातील एक तरी निवाडपत्र बाळबोधीत उतरवून, शब्दार्थांसह, वाचावयास द्यावे. त्यात पूर्वजांचा पराक्रम सापडेल, लबाडीही सापडेल, आणि आपले आडनाव ज्या हुद्द्यावरून आले त्या हुद्द्याने कोणाकडून काय घेतले, हेही सापडेल. कित्येक घरांत त्यावर थोडी अस्वस्थता पसरेल. ती पसरू द्यावी.

यावर असा आक्षेप येईल की, मेलेली व्यवस्था कशाला उकरून काढता? ती खरोखर मेली आहे काय, हाच तर प्रश्न आहे. पुण्यात गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत कसब्याचा गणपती पहिला, तांबडी जोगेश्वरीचा दुसरा, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, या पाच मानाच्या गणपतींच्या क्रमाला कोणी हात लावून पाहावा. ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीत रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत आणि ते दर वर्षी तसेच चालतात; अश्व अंकलीच्या शितोळ्यांचा, हाही मानच. जेथे विठ्ठलापुढे सारे समान तेथेही चालण्याचा क्रम ठरलेला. मी हे उपहासाने म्हणत नाही. वर्षानुवर्षे लक्षावधी माणसे अशा क्रमाने चालतात म्हणून चेंगराचेंगरी न होता पोहोचतात. परंतु क्रम म्हणजे नुसती सोय नसते, तो कोणीतरी कधीतरी मिळविलेला आणि राखलेला हक्क असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे लग्नाच्या मांडवात पुढाऱ्याचा सत्कार आधी की मामाचा, निमंत्रणपत्रिकेवर नाव वर कोणाचे आणि खाली कोणाचे, यावरून आजही मने का फाटतात ते आपोआप उमगते.

एल्फिन्स्टनच्याच काळात, १८२० च्या सुमारास, टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने पुण्याजवळच्या लोणी गावाची इत्थंभूत माहिती लिहून ठेवली; सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी त्याच लोणीकंदाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. मधल्या काळात राज्य दोनदा बदलले. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, महार वतनांसह कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने, आणि मुलकी पाटिलकी १९६२ च्या. त्या कायद्यांनी जमिनींचे काय करावयाचे ते सांगितले, नुकसानभरपाईचे काय ते सांगितले, चाकरी संपली असे सांगितले. पोळ्याच्या संध्याकाळी तोरणाखालून आधी कोणी जावे याचे कलम त्यांत नाही, आणि कोणत्या कलमात ते बसवावे हे मसुदा करणाराला सुचलेही नसते. आता बैल पुष्कळ गावांत मोजके उरले आहेत. ट्रॅक्टरलाच झेंडूच्या माळा घालून, हिंगुळाऐवजी कुंकवाचे स्वस्तिक काढून वेशीपर्यंत आणतात, आणि तेथे आल्यावर चालक इंजिन बंद करून खाली उतरतो, घाम पुसतो आणि मागे वळून पाहतो की, मानाची जोडी आली की नाही.